नावाचा रकाना

"अहो, नाव टाकल्याशिवाय हे पुढे सरकतच नाही!" बाईंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवत नव्या पाळकांना हाक मारली. 'नाव' लिहिलेल्या रकान्याशेजारी लाल चांदणी दिसत होती आणि यंत्र अडून बसलं होतं.

"मग 'निनावी' टाका, बाई." पाळक दारातूनच म्हणाले. त्यांना एका आजाऱ्याकडे जायचं होतं. "शेवटी बटण दाबलं की चिठ्ठ्यांची यादी प्रार्थना-मंडळातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर. बुधवारच्या प्रार्थनेची वाट बघायला नको. माणसं जिथे असतील तिथे प्रार्थना करतील."

कल्पना वाईट नव्हती. बाई तेवीस वर्षं चर्चच्या ऑफिसात होत्या, आणि त्याच्याही आधीपासून रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत आल्या होत्या. त्यामुळे निम्मं चर्च त्यांना बाईच म्हणे. चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी असे. जे कुणापाशी बोलता येत नाही ते लोक चिठ्ठीवर लिहीत आणि नाव न घालता पेटीत टाकत. जुने पाळक शनिवारी दार लावून एकेक चिठ्ठी वाचत, तिच्यासाठी प्रार्थना करत आणि लगेच फाडून टाकत. पेटीत काय येतं ते त्यांच्या बायकोलाही कधी कळलं नाही, आणि त्या काही कमी चौकस नव्हत्या. जुने पाळक वारले आणि चिठ्ठ्या बाईंच्या टेबलावर आल्या.

त्या शनिवारी सतरा चिठ्ठ्या होत्या. पहिल्या तीन बाईंनी 'निनावी' म्हणून टाकल्या. चौथीपाशी त्यांचा हात थांबला. निनावी, निनावी, निनावी! लोकांनी प्रार्थना करायची ती कुणासाठी, भिंतीसाठी? मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो, हे आपणच पोरांना शिकवलं ना?

आणि खरं सांगायचं तर बाईंना सगळी अक्षरं ओळखता येत होती. ज्यांचा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं, त्यांचं अक्षर चाळीस वर्षांनीही लपत नाही. पोट सुटलेला 'ळ' काढणारी शिवणवाली, शब्दांना धड रेघ न देणारा पोस्टमन. बाईंनी मागे जाऊन पहिल्या तिघांचीही नावं भरली. तोंडाने त्या कधी कबूल झाल्या नसत्या, पण त्यांना त्यात मजाही वाटत होती.

नववी चिठ्ठी लंबूची होती. लहानपणापासून बांबूसारखा वाढलेला हा मुलगा आता माल उतरवण्याच्या यार्डात क्रेन चालवत होता. अक्षर तेच, उजवीकडे कललेलं. फक्त रेघा डगमगत होत्या.

'प्रभू, उजवा हात थरथरतो. सहा महिने झाले. वर केबिनमध्ये एकटाच असतो म्हणून कुणाला कळत नाही. धाकटीचं शिक्षण होईपर्यंत सांभाळ.'

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लंबूचं कागदोपत्री नाव, आडनावासकट, नीट तपासून भरलं. चुकीच्या माणसासाठी प्रार्थना व्हायला नको.

बटण दाबल्यावर पडद्यावर आलं, 'यादी पाठवली.' मग त्याखाली, 'नऊ जणांनी पाहिली.' बाई पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत होत्या तोवर आकडा एकवीस झाला. मग बत्तीस. प्रार्थना-मंडळात तर वीसच माणसं होती. हे वरचे बारा कोण? त्यांनी यादी परत घेण्याचं बटण शोधलं. तसं बटण नव्हतं.

सोमवारी सकाळी यार्डाचे मॅनेजर ऑफिसात आले. ते चर्चच्या पंचांपैकी एक. पंचांच्या मोबाइलवरही यादी जाते, हे बाईंना तेव्हा कळलं. कामाच्या दिवशी हे गृहस्थ इकडे कधी फिरकले नव्हते. ते बसलेही नाहीत.

"बाई, ती नववी चिठ्ठी. नाव त्याने घातलंय की तुम्ही?"

"तो कशाला घालतोय? अक्षरावरून ओळखलं मी."

"चूक तर नाही ना झाली?"

इथे माणसाने जीभ आवरावी. पण बाईंच्या हुशारीवरच शंका घेतली होती ना!

"चूक? लंबूचं अक्षर मी ओळखणार नाही? एवढासा होता तेव्हापासून बघतेय मी ते!"

मॅनेजर हळूच मान हलवत राहिले. "सहा महिने," ते म्हणाले. "बाई, त्या क्रेनखाली रोज चाळीस माणसं उभी असतात."

बाई खुर्चीतून उठल्या. "अहो, पण ती चिठ्ठी देवाला लिहिलेली आहे."

"लिहिली देवाला. आली माझ्याकडे. आता मला माहीतच नव्हतं असं कसं म्हणू? उद्या वरून काही पडलं तर देव काय विचारायचं ते विचारील. पण त्या माणसांच्या बायका आधी माझ्या दारात येतील."

माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. तो खरं बोलत होता. दारापर्यंत जाऊन ते वळले. "नाव घातलंत हे फार बरं केलंत," ते मनापासून म्हणाले.

बाईंनी दोनदा लंबूला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. बुधवारी प्रार्थनेला तो आला नाही. शिवणवालीही आली नाही. पोस्टमन ऑफिसात पत्रं टाकून गेला, पण बाईंकडे न बघता. शनिवारी त्यांनी पेटी उघडली. हात घालून चारी कोपरे चाचपले. आत एकही चिठ्ठी नव्हती. त्यांनी कुलूप लावलं आणि थेट लंबूचं घर गाठलं.

तिसरा मजला चढताना त्यांना धाप लागली. लंबू खिडकीशी बसला होता, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. चेहरा मात्र शांत, इतका शांत की बाईंना भीती वाटली.

"या बाई. तुम्हालाच सांगायचं होतं. काढलं मला क्रेनवरून. डॉक्टरने हात बघितला, मी सही केली. भांडलो नाही."

"का रे?"

"कुणाशी भांडू?" त्याने स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "मी फक्त एकालाच सांगितलं होतं. हिलासुद्धा नाही. पेटीत चिठ्ठी टाकली, ना नाव ना गाव. आणि तीन दिवसांत साहेब विचारतात, हात थरथरतो का? काटा आला अंगावर. म्हटलं, त्याने ऐकलं! खाली कुणी मरू नये म्हणून त्यानेच साहेबांना सांगितलं. मी मागितलं एक, त्याने दिलं दुसरं. चालेल. पण उत्तर आलं, बाई. इतकी वर्षं बोलतोय मी, पहिल्यांदाच उत्तर आलं."

लंबूचा मोबाइल साधा, बटणांचा. यादी त्याने पाहिलीच नव्हती, आणि ज्यांनी पाहिली होती ते तोंड चुकवत होते. गप्प बसणं सोपं होतं. त्याला कुणी पापही म्हटलं नसतं. पण आज ना उद्या त्याला कुणीतरी सांगणारच होतं, आणि मग बाईंनी त्याला फसवलं असंही झालं असतं.

"लंबू, नाव मी घातलं," बाई म्हणाल्या. आणि मग सगळंच सांगितलं. यंत्र, लाल चांदणी, अक्षर, मॅनेजर. स्वतःची फुशारकीसुद्धा वगळली नाही.

लंबूने खिडकीबाहेर बघितलं.

"म्हणजे तुमच्याकडून साहेबांकडे."

"हो."

"मोबाइलवरून."

"हो रे बाबा."

"मग वर... वर पोचलीच नाही ती?"

"पोचली असेल. त्याला का मोबाइल लागतो?" बाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना खोटा वाटला. तो चिडला असता, टाकून बोलला असता, तर त्यांनी ते आनंदाने ऐकून घेतलं असतं. तो नुसताच मान डोलवत राहिला, अगदी मॅनेजरांसारखा.

आतून त्याची बायको म्हणाली, "बाई, जेवूनच जायचं हं आता!"

"हो तर," लंबू उठला. "त्यांचंही ताट वाढ." त्याने डाव्या हाताने बाईंसाठी खुर्ची ओढली.

चौघं टेबलाशी बसली. त्याच्या बायकोने आणि धाकटीने हात जोडून डोळे मिटले. या घरात जेवणाआधीची प्रार्थना लंबूच म्हणायचा. दोघी वाट बघत राहिल्या. धाकटीने एक डोळा किलकिला करून बापाकडे बघितलं आणि पुन्हा मिटून घेतला.

"बाई, आज तुम्ही म्हणा," लंबू म्हणाला.

बाईंनी सुरुवात केली. शब्द तोंडात बसलेले होते, ते आपोआप येत राहिले. अन्नाबद्दल आभार, घराबद्दल आभार. मधेच त्यांच्याने राहवेना. त्यांनी डोळे उघडले.

लंबूचे डोळे उघडे होते. ताटाशेजारी ठेवलेल्या आपल्या थरथरत्या हाताकडे तो बघत होता.

"आमेन," धाकटी म्हणाली. "आमेन," तिची आई म्हणाली.

लंबूने डाव्या हातात चमचा घेतला आणि जेवायला सुरुवात केली.