मामाच्या गाडीचा बिघाड

मामाची गाडी बिघडली की मामा मला फोन करतो. मी शिलाई मशीन दुरुस्त करते, मोटारी नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. पण त्याच्या मते यंत्र म्हणजे यंत्र आणि भाची म्हणजे फुकट. या वेळी आधी त्यानं एका गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. त्या गृहस्थानं गाडीभोवती एक चक्कर मारली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणाला आणि असा काही आकडा सांगितला की मामानं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

गाडी जुनी, ऑटोमॅटिक, आणि मालकाच्या वळणावर गेलेली. इंजिन झटक्यात सुरू व्हायचं, पण गिअरचा दांडा ‘पार्क’वरून हलायचा नाही. ब्रेक दाबा, दांड्यावरचं बटण दाबा, शिव्या द्या, दांडा ढिम्म. मी पोचले तेव्हा मामा गाडीच्या शेडमध्ये फडकं घेऊन पुढची काच पुसत होता आणि शनिवार तोंडावर आलाय, असं दर दोन मिनिटांनी सांगत होता.

शनिवारचं प्रकरण असं. मामानं उभा जन्म बस चालवली. त्याच्या डेपोतले निवृत्त ड्रायव्हर वर्षातून एकदा डोंगरावरच्या विश्रामगृहात जमतात, पोटभर जेवतात आणि एकमेकांना थापा मारतात. नियम एकच, यायचं ते स्वतः गाडी चालवत. कुणी मुलाच्या नाहीतर सुनेच्या शेजारी बसून आला, तर पुढचं वर्षभर त्याला ‘पॅसेंजर’ म्हणतात. हा नियम मामानंच काढला होता. गेल्या वर्षी अशा एकाला चिडवण्यात तो सगळ्यांच्या पुढे होता, त्यामुळे आता त्याला न जाऊनही चालणार नव्हतं.

माझी पद्धत सोपी आहे. ज्याला पैसे पडत नाहीत ते आधी बघायचं. मशीनवर धागा तुटतो म्हटलं की लोक मोटर बदलायला निघतात, मी आधी सुई बघते. म्हणून गाडीचे दिवे लावले आणि चावी फिरवली. दिवे जेमतेम मंदावले, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग मामाला समजावलं की अशा गाडीत पाय ब्रेकवर आहे हे गाडीला कळल्याशिवाय दांडा सुटत नाही, आणि ते तिला सांगतो पेडलजवळचा एक छोटा स्विच. मागचा लाल दिवा लावणाराही तोच. तेव्हा ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागत नसेल तर दोष विजेचा, गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. यात कुणालाही मागे उभं करून ‘लागतो का’ विचारण्यापलीकडे खर्च नाही.

मामीला मागे उभं केलं. मी ब्रेक दाबला.

“लागतोय,” मामी म्हणाली.

दोन्ही का, असं विचारलं, तर दोन्ही, अगदी छान लाल लागताहेत म्हणाली. झालं. म्हणजे स्विच बरा, वायरी बऱ्या, फ्यूज बरा, दोष दांड्यातच. मग मी दांड्याभोवतीचं प्लॅस्टिक उघडायला बसले. ते उघडण्यासाठी अख्खी दुपार, दोन नखं आणि माझा होता नव्हता तेवढा संयम गेला. मामा टॉर्च धरून उभा होता, पण उजेड माझ्या कानावर पाडत होता. मी पाना मागितला, तर त्यानं पेटीतली हत्यारं बोटांनी चाचपून पाहिली आणि पक्कड दिली. लाल वायर बघ म्हणाला आणि तपकिरी वायरीकडे बोट केलं. मी वैतागलेली होते, त्यामुळे यातलं काहीच मनावर घेतलं नाही. माझ्यासारख्या बिघाड शोधणारीनं ते घ्यायला हवं होतं.

दांड्यात काहीही वावगं नव्हतं. कंबर मोडून आली तशी मी उठून ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि कंटाळून ब्रेक दाबला. सहज आरशात पाहिलं. गाडीच्या मागे हातभर अंतरावर शेडची पांढरी भिंत होती आणि आत चांगलाच काळोख होता. दिवा लागला असता तर भिंत लाल व्हायला हवी होती. ती पांढरीच होती. मी मामीला हाक मारून पुन्हा मागे उभं केलं.

“लागतोय,” मामी म्हणाली.

भिंत खोटं बोलत नाही. उरली मामी.

मी खाली वाकले. स्टिअरिंगखालचं फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. ब्रेकच्या दिव्याची जागा रिकामी. शेजारच्या खाचांमध्ये धूळ साचलेली, पत्रा काळवंडलेला, आणि या एका खाचेतला पत्रा घासून लख्ख झालेला. हा फ्यूज जळला नव्हता, कुणीतरी उपटला होता, आणि एकदाच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मामी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मी दारात उभी राहून नुसता हात पुढे केला. ती उठली, फळीवरची बटणांची डबी काढली आणि माझ्यापुढे ओतली. बटणांत अर्धा डझन लाल फ्यूज होते, सगळे एकाच मापाचे, सगळे धड.

इथं या जोडप्याबद्दल सांगायला हवं. मामा-मामींचं भांडण तोंडानं होत नाही. मामाला बैठकीतला हिरवा पडदा आवडला नाही, तर त्यानं तो काढून घडी करून कपाटात ठेवला. मामीनं तो परत लावला. त्यानं परत काढला. असं कितीतरी महिने चाललं आणि त्या काळात दोघं पडद्याखेरीज जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत होते. शेवटी पडदा फाटला तेव्हा दोघांनी मिळून हळहळ केली.

“अगं, फाटकाचा खांब दिसला नाही त्यांना,” मामी म्हणाली. “खांब! जन्मापासून तिथंच आहे तो. डोळे दाखवा म्हटलं तर म्हणतात काच मळलीय. रोज पुसतात ती काच. आणि त्या डोंगराला वळणं किती आहेत?”

म्हणून तिनं फ्यूज काढला. कुठला काढायचा हे झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी तिथं नवा फ्यूज होता. तिनं तोही काढला. मामानं आणखी एक आणला. एकदाही तो काही बोलला नाही, तीही बोलली नाही, जेवणं वेळेवर झाली. पण गेला आठवडाभर मात्र जागा रिकामीच होती. ती रोज जाऊन बघत होती, मामा नवा घालतच नव्हता.

मग मला कशाला बोलावलं त्यानं, असं मी विचारलं.

“तेच मला कळेना,” मामी म्हणाली. “वाटलं, त्यांच्या हातून होत नाही म्हणून तुला आणलं. तू दुरुस्त केलीस तर शनिवारी निघालेच हे. म्हणून दिवा लागतोय म्हटलं.”

मी त्यातला एक फ्यूज उचलला आणि तरातरा शेडमध्ये गेले. दुपार वाया गेली होती, नखं गेली होती, आणि या दोघांना एकमेकांसमोर बसवून चांगलं झापावं असं मनात होतं. मामा आता काचेची आतली बाजू पुसत होता.

“मामा, सापडला बिघाड,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. आठवडाभर बंद पडलेली गाडी सुरू होणार म्हटल्यावर माणसाचा चेहरा असा पडत नाही. “इतक्यात?” एवढंच तो म्हणाला.

मग त्यानं फडक्याची घडी घातली, परत मोडली. म्हणाला, “तुला दुरुस्त कर असं मी कधी म्हटलं? बघून जा म्हटलं. मला वाटलं, दोन दिवस खटपट करशील आणि म्हणशील, मामा, हिचं काही शनिवारपर्यंत होत नाही. तू म्हटलंस की लोकांना पटतं.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याला दुरुस्ती नको होती, न जाण्याला निमित्त हवं होतं. मी त्याच्यासमोर हात धरला आणि तळवा उघडला. किती दिसतं रे तुला, असं विचारलं.

“तू दिसतेस,” मामा म्हणाला. “हातात काय आहे ते नाही दिसत.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं ती उघडली तरी किंमत तेवढीच होती. मला फार वाईट वाटलं, आणि मी रडू लागले असते तर ते त्याला दिसलं नसतं या विचारानं आणखी वाईट वाटलं. म्हणून मी कामाला लागले. त्याला सांगितलं की दांड्याचं कुलूप अडकलंय, त्याचा भाग आता मिळत नाही, असं बेधडक सांग आणि माझं नाव घे. त्याच्या फोनवर लंबूचा नंबर मीच लावला. लंबू म्हणजे त्याचा डेपोतला दोस्त, शनिवारचं सगळं तोच जमवतो. फोन स्पीकरवर ठेवला.

मामानं असा काही बिघाड रंगवला की मलाही खरा वाटू लागला. कुलूप, स्विच, मिळत नसलेला भाग, सगळं आलं. स्वतःची दोन कलमं त्यानं त्यात वाढवली. मग लंबू म्हणाला की त्याच्याही गाडीची बॅटरी बसलीय, बरेच दिवस झाले. गेल्या वर्षीच्या पॅसेंजरची गाडी तर केव्हाच विकली गेली. आणखी एकाची रंगाला टाकलीय, अजून एकाची क्लच प्लेट गेलीय. यंदा कुणाचीच गाडी धड नाही बघ, असं म्हणून तो हसला. हसणं काही जमलं नाही.

मामा ऐकत होता. त्यानं फोन तोंडाजवळ घेतला.

“लंब्या,” त्यानं हळूच विचारलं, “एक का दोन्ही?”

पलीकडे लंबूनं घसा खाकरला.

“डावा गेला,” लंबू म्हणाला. “उजव्यानं पेपरातले मथळे वाचतो.”

“माझे मथळेपण गेले,” मामा म्हणाला, आणि दोघं एकदम हसत सुटले. या वेळी हसणं जमलं. मामी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं, पदरानं डोळे टिपले आणि आत गेली.

फोन ठेवल्यावर मामा गाडीला हात लावत लावत वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला. ड्रायव्हरशेजारचं दार उघडून आत बसला, पट्टा शोधला आणि खटकन लावला. त्या सीटवर मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

“शनिवारी लवकर ये,” तो म्हणाला. “वाटेत लंबूला घ्यायचंय, ती बाकीची पोरंही घेऊ. आणि डोंगरावर हॉर्न कधी द्यायचा ते मी सांगेन, मध्ये बोलायचं नाही.”