‘नोझी’ या नावाने सुपरिचित

आमच्या बेटावरच्या ग्वाव गावात माणूस मेलं की त्याची बातमी दुपारी रेडिओवर वाचतात. आधी कागदोपत्री नाव, मग ‘या नावाने सुपरिचित’ म्हणून टोपणनाव, मग मुलं, भाचरं, परदेशातली, इथली, सगळी. तेवढा वेळ मासळीबाजारसुद्धा गप्प होतो.

लिओन्टीन अलेक्सिस राजधानीच्या इस्पितळात वारली. तिची बातमी लिहून घ्यायला शवपेट्या करणारा ब्रिझान टेकडी चढून तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. न्यूयॉर्कहून आलेली भाची डेनेल होती, आणि मी. टेकडीवर दोनच घरं, तिचं आणि माझं. जन्म बरोबर काढला आम्ही.

“लिओन्टीन अलेक्सिस,” ब्रिझान लिहिता लिहिता पुटपुटला, “नोझी या नावाने सुपरिचित.”

“खोड ते.”

“काय खोडू, ऑगस्टाबाई?”

“नोझी. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी, भोचक. मेलेल्या बाईला साऱ्या बेटासमोर शिवी घालतोस?”

“मी कशाला घालू? अख्खं गाव तिला तेच म्हणतं.”

“गावाला अक्कल नाही.”

डेनेल मध्ये पडली. “क्युरियस म्हणू या का, मावशी? नाहीतर इन्क्विझिटिव्ह. अर्थ एकच, पण ऐकायला बरं.”

“अर्थ एकच? मग तुला सडपातळ म्हणू की हडकुळी?”

ब्रिझान खिडकीबाहेर बघायला लागला. डेनेलनं झगा सारखा केला.

मला अक्षरं आली ती केस पिकल्यावर, चर्चच्या मागच्या खोलीत. तिथल्या बाई एकसारख्या अर्थाचे इंग्रजी शब्द फळ्यावर ओळीनं लिहायच्या आणि म्हणायच्या, ही सख्खी भावंडं, तोंडवळा एक; पण घराची किल्ली कुणाच्या हातात द्यायची ते बघून ठरवा. क्युरियस म्हणजे डबक्यातल्या बेडकाकडे टक लावून बसलेलं पोर. इन्क्विझिटिव्ह म्हणजे चौकस, उत्तर मिळेपर्यंत विचारणारं. आणि नोझीला उत्तर हवं असतं ते चघळायला. लिओन्टीन विचारायची, पण चघळायची नाही. जायफळाच्या गोदामात कामाला उतरताना दारोदार थांबायची. तुझं पूर्ण नाव काय, आजी कुठली, रात्री कुठं झोपता, सुनेचे दिवस भरत आले का. मोठ्या वादळात छपरं उडाली, तेव्हा लोक दुकानदार केटोच्या घराचा पुढचा भाग उकरत बसले होते. “मागं खणा, म्हातारी मागं झोपते!” असं ओरडली ती लिओन्टीन. म्हातारी जिवंत निघाली. केटो काय म्हणाला? “बरं झालं बाई, तू नोझी आहेस ते!” सगळे खो खो हसले आणि ते नाव कायमचं चिकटलं.

“टोपणनाव गाळलं तर कुणाला कळणार नाही कोण गेलं,” ब्रिझान म्हणाला. “मग रिकाम्या बाकांना बोल लावू नका.”

“आईबापांनी ठेवलेलं नाव आहे तिला. तेच वाचा.”

वाचलं. भेटायला येणाऱ्यांसाठी आम्ही कॉफी उकळली, पाव कापले, खारा मासा परतला, रमच्या बाटल्या मांडल्या, चर्चमधून खुर्च्या आणल्या. दिवस मावळेपर्यंत दोघी त्या खुर्च्यांकडे बघत बसलो. टेकडी चढून कुत्रं आलं नाही.

सकाळी केटोच्या दुकानात साखर घ्यायला गेले.

“काल कोणी लिओन्टीन गेली म्हणे,” तो साखर तोलत म्हणाला. “ओळखीची होती का गं?”

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. “तुझ्या आईला ढिगाऱ्यातून कुणी काढलं रे?”

“नोझीनं.” मग त्याचा हात थांबला. “नोझी गेली? आणि मला कुणी सांगितलं नाही!”

“रेडिओनं सांगितलं. तुझं नाव केटो नेपोलियन फ्रेडरिक, हे तिला ठाऊक होतं. तुझ्या आज्याचंही ठाऊक होतं. तू कधी तिला विचारलंस?”

साखर तिथंच टाकून मी ब्रिझानकडे गेले.

“घाल ते नाव परत.”

तो हसला असता तर त्याचीच पेटी त्याच्या डोक्यात घातली असती. हसला नाही.

घरी डेनेल ते ऐकून रडवेली झाली. “मावशी, आत्याला लाज आणायची का आता?”

“तिला नाही. त्यांना.”

दुपारी रेडिओवर ‘नोझी’ वाचलं गेलं आणि दफनाच्या दिवशी सगळं गाव लोटलं. कोळी आले, गोदामातल्या बाया काळे झगे घालून आल्या, बसचालकांनी बसगाड्या रस्त्यातच उभ्या केल्या. मी चर्चच्या दारात काठी आडवी धरून उभी राहिले.

“आत कोण झोपलंय?”

“नोझी,” पहिली बाई म्हणाली.

“नाव विचारतेय.”

ती मागच्याकडे बघायला लागली, मागचा त्याच्या मागच्याकडे. रांग रस्त्यापर्यंत गेली. आतून पाद्रीबाबा म्हणाले, “ऑगस्टा, लोकांना आत येऊ दे.”

“येऊ देते, फादर. नाव सांगतील ते येतील.”

मग हळूहळू नाव मागून पुढं यायला लागलं. लिओन्टीन. लिओन्टीन अलेक्सिस. कुणी चाचरत, कुणी मान खाली घालून. एकेकाला काठीखालून सोडलं.

केटो आला तो घाम पुसत. “रेडिओवर ऐकलं होतं गं, आता तोंडात येत नाही. सोड ना. तू तर तिच्याहून भोचक निघालीस.”

“नाव,” मी म्हणाले.