चुन्याचे पट्टे

शिक्षण खात्याचे, भोपाळहून आलेले रमाकांतसाहेब मुलींचा विज्ञानाचा वर्ग मुलांच्या शाळेत मिसळायला निघाले होते. ग्वाल्हेर संस्थान गेलं, मध्य भारत राज्यही गेलं, आता सगळी मांडणी नव्याने; त्यात हाही वर्ग. मुलांच्या शाळेत पोरगी धाडणार कोण? वर्ग मिसळला म्हणजे बुडाला, हे तो वर्ग शिकवणाऱ्या अनसूयाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी साहेबांकडून एक प्रयोग दाखवायची परवानगी तेवढी मिळवली होती.

प्रयोगाला दोन पितळी तांबे. एक लखलखीत, दुसऱ्यावर चुन्याचे पट्टे, अमेरिकेने त्याच वर्षी, १९५८ साली, अवकाशात सोडलेल्या उपग्रहावर होते तसे. सकाळी येऊन बघतात तो दोन्ही तांबे चकाचक! मुख्याध्यापिका विजयाबाईंनी स्वतः चिंच लावून घासले होते. दरबारी चालीरीतीत वाढलेली बाई ती.

"अगं, साहेबांपुढे चुना माखलेलं भांडं? लोग क्या कहेंगे?"

अनसूयाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात साहेब आलेच, बाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या चौकातल्या, टपरीवरचं पान चघळत. आता लाजून भागणार होतं थोडंच!

"साहेब, जरा आपली चुन्याची डबी देता?"

विजयाबाईंनी कपाळाला हात लावला. अनसूयाबाईंनी बोटाने एका तांब्यावर पट्टे ओढले आणि दोन्ही तांबे मे महिन्याच्या उन्हात ठेवले. चुना वाळला, साहेबांचं सरबत झालं.

"आता हात लावून बघा."

लखलखीत तांब्यावरून साहेबांचा हात झटकन मागे आला. पट्ट्यांवर मात्र तळवा टेकूनच राहिला.

"अरेच्चा! चकाकणारं गार हवं ना?"

"चकाकी बरंच ऊन परतवते, पण जेवढं आत शिरतं ते धरून बसते. चुना ऊनही परतवतो आणि आतली उष्णताही बाहेर टाकतो. वर अवकाशात गार करायला वारा नाही, आणि पृथ्वीच्या सावलीत गेलं की कडाक्याची थंडी. यंत्रं भाजू नयेत, गोठू नयेत, म्हणून पट्टे किती ओढायचे तेवढं ठरवायचं. बाकी काही नाही."

साहेबांनी पांढऱ्याफटक आकाशाकडे पाहिलं. "तिथे... नुसत्या रंगावर यंत्रं तगतात?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. अनसूयाबाईंच्या अंगावर काटा आला. हे सांगताना दरवेळी यायचा.

विजयाबाईंनीही पट्ट्यांवर तळवा टेकला.

"मला हे आत्ता कळलं, निवृत्तीला आल्यावर," त्या साहेबांना म्हणाल्या. "पोरींना कधी कळू द्यायचं?"

साहेबांनी मान खाली घातली.

"वर्ग इथेच राहील, बाई."