आईचा उजवा गुडघा

आईच्या घरात घालायच्या उजव्या चपलेची टाच बाहेरच्या कडेने जवळजवळ संपली होती. आतल्या बाजूला रबरावरच्या रेघा अजून नव्यासारख्या होत्या. पाय बाकला की वजन असं एका कडेवर येतं. लेकीने चपला बाजूला सरकवल्या आणि आईला पलंगावर पाय लांब करायला सांगितलं.

लेक फिजिओथेरपिस्ट होती. तिच्याच दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून केव्हाच सांगितलं होतं, की सांधा बदलावा लागेल. "मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली होती. मग तो वेळ लांबतच गेला. इतक्या लोकांना ती व्यायामाने चालतं करत होती. सख्ख्या आईला ऑपरेशनला पाठवायचं तिच्या जिवावर येत होतं.

तिने गुडघ्यावर कोनमापक धरला. मागच्या रविवारपेक्षा जास्त वाकत होता.

"झाले ना पास?" आई म्हणाली.

"कॉपी तर नाही केलीस?"

तिने गमतीत विचारलं होतं. आईने मात्र नजर चुकवली आणि उशी सारखी करायला गेली. उशीखालून दुखण्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट खाली पडलं.

"या कधी घेतेस?"

"तू यायच्या आधी. दोन घेतल्या की वाकतो बाई. नाही वाकला की तुझं तोंड एवढंसं होतं, ते बघवत नाही."

हेच वाढलेले आकडे तिने डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात दाखवले होते.

"आणि एरवी? जिना उतरतेस?"

"जिना कसला उतरतेय. भाजीसुद्धा शेजारीण आणून देते. तू कधी विचारलं नाहीस, मीही बोलले नाही."

जिन्याचा प्रश्न ती प्रत्येक पेशंटला सगळ्यात आधी विचारायची. इथे मात्र दर वेळी थेट कोनमापक काढायची. विसरून नव्हे; उत्तर काय येईल, ते तिला आतून ठाऊक होतं.

"रागावलीस का गं?" आईने विचारलं.

"तुझ्यावर कशाला रागावू?"

तिने आईचा पाय हलकेच खाली ठेवला. तळवा थंड लागला, म्हणून पांघरूण ओढलं. काही वेळ ती ते पांघरूणच नीट करत राहिली.

"आई, माझ्या व्यायामाने हा गुडघा बरा होणार नाही. आपण ऑपरेशन करून घेऊ."