घरघरीखाली दबलेली हाक

मी एक जुना हॅम रेडिओ आहे, मित्रांनो, म्हणजे हौशी लोकांचा बोलण्या-ऐकण्याचा बिनतारी संच. माझे मालक बिनतारी खात्यातून निवृत्त झाले आणि घरी बसून, एकेका भागाला डाख देत, त्यांनी मला उभं केलं. लोक मला अडगळ म्हणत. पण सकाळचे सात वाजले की माझा रुबाब काही औरच असे.

दूर समुद्रातल्या खडकावर, बंद पडलेल्या दीपगृहात, मालकांचा जुना सोबती एकटाच राहायचा. त्याची छाती दुखरी होती आणि तिथे फोन लागत नसे. दोघांचा ठराव होता: त्याने रोज सातला त्याच्या संचावरून हाक द्यायची, ती आली नाही, तर मालकांनी किनाऱ्यावरच्या डॉक्टरला होडीने पाठवायचं. चौदा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग माझा विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर जळाला. मालकांच्या मुलीने हौसेने हलका ॲडॉप्टर आणून दिला आणि माझ्या आवाजात घरघर शिरली. दुसऱ्या सकाळी हाक ऐकू आली नाही. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर भर लाटांतून गेला, तर सोबती चहा पीत बसलेला! त्याने उलट निरोप धाडला, "मी ठणठणीत आहे. आधी तुझं खोकं दुरुस्त कर."

मालक खजील झाले आणि हात धुऊन घरघरीच्या मागे लागले. मेन स्विच बंद करून त्यांनी मला बॅटरीवर लावलं. घरघर गायब! म्हणजे चोर घरातच होता. पण बॅटरी म्हातारी, पाच मिनिटांत मान टाकायची. म्हणून मेन चालू होताच ते मला पुन्हा ॲडॉप्टरला जोडत आणि मग एकेक उपकरण तपासत. कधी फ्रिजवर खापर फुटे, कधी शिलाई मशीनवर, कधी माशांच्या टाकीतल्या पंपावर. चोर माझ्याच शेपटीला लटकला होता, हे मला कळत होतं. सांगणार कसं?

"अहो, सकाळी पाच मिनिटं बॅटरीवर ऐका की," मालकीणबाई म्हणाल्या.

"आधी चोर पकडू दे. पुन्हा डॉक्टरला पळवून हसं करून घ्यायचं नाहीये मला."

तिसऱ्या सकाळी घरघरीखाली खरोखरच काही नव्हतं. मला ते जाणवलं. मालकांना नाही. चौथ्या सकाळीही त्यांनी डॉक्टरला फोन केला नाही.

पाचव्या दिवशी सातच्या आधी घरातलं सगळं बंद असताना बाईंनी ॲडॉप्टरकडे बोट दाखवलं. "हा हिरवा दिवा तेवढा चालूच ठेवलात."

मालकांनी तो उपटला आणि मला बॅटरीवर लावलं. सात वाजून गेले. इतकं स्वच्छ मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि त्यात कोणीच नव्हतं.

तेव्हा कुठे मालकांनी डॉक्टरला होडीने पाठवलं आणि त्याचा फोन दुपारी आला. सोबती जिन्याखाली पडलेला सापडला होता. "दोन दिवस तसेच पडून असावेत. काल रात्रीपर्यंत जीव होता."

मालकांनी माझ्यावर कापड घातलं, ते अजून काढलेलं नाही.

मित्रांनो, माझी एवढी विनवणी ऐका. बिघाड शोधा, जरूर शोधा, पण कोणाची हाक थांबली असेल तर आधी त्याच्या दारी माणूस धाडा. डॉक्टर दहा वेळा फुकट गेला तर जाऊ दे. अकराव्यांदाही त्याला पाठवा.