तपासनिसांचा बॅकअप

तपासनीस निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची तपासणी काही निवृत्त झाली नव्हती. सगळी हयात त्यांनी लिफ्ट तपासण्यात घालवली होती. लिफ्टमध्ये वाळूची पोती भरायची, तिला वेगाने खाली सुटू द्यायचं आणि आणीबाणीचा ब्रेक लागतो की नाही ते पाहायचं, हे त्यांचं काम. ब्रेक लागणारच असं कारखान्याने लिहून दिलं तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. त्यामुळे त्यांच्या हाताखालून गेलेली एकही लिफ्ट पडली नाही, आणि त्यामुळेच त्यांच्या घरात कुणाला सुखाने कुकर लावता येत नसे. शिट्टी आधी ते फुंकून बघत.

त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. आता या वयात बाईंनी काय करावं, तर रहस्यकथा लिहायला घेतली. साधीसुधी नाही, चांगली जाडजूड कादंबरी. एक जुनं गेस्टहाऊस, जिन्याखाली मरून पडलेली मालकीण आणि घरभर संशयित. खुनी कोण हे बाईंनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. एका प्रकाशकाने पहिली प्रकरणं वाचून कळवलं होतं की महिनाअखेरीपर्यंत पुस्तक पूर्ण करून द्या, यंदाच काढतो, नाहीतर मग पुढचं पुढे बघू. पहिलंच पुस्तक, आणि तेही या वयात. ‘पुढचं पुढे’ या शब्दांवर कोण विसंबणार?

अशात एके सकाळी घरातला कंप्यूटर सुरूच होईना. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या दोन ओळी आणि आतून कुरकुर. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बऱ्याच विनवण्यांनंतर तो एकदाचा चालू झाला, आणि तपासनिसांनी लगेच परगावी राहणाऱ्या लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, त्यात काय एवढं, डिस्कची इमेज घेऊन ठेवा. म्हणजे एकेक फाईल वेचत बसायचं नाही, अख्ख्या डिस्कचीच हुबेहूब प्रत काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. उद्या कंप्यूटर बसला तर ती प्रत परत उतरवायची, की सगळं होतं तसं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकटातही मिळतं, तिने एकाचं नावही सांगितलं. तिला वाटलं विषय संपला. पी हळद आणि हो गोरी! अहो, ज्या माणसाने झाडू घेताना दुकानाची फरशी झाडून पाहिली, तो फोनवर ऐकलेलं सॉफ्टवेअर घेईल?

तपासनिसांनी एक मोठा तक्ता आखला. वर सॉफ्टवेअरची नावं, डावीकडे कसोट्या. पहिलं फुकट होतं, पण पैसे भरून मोठं सॉफ्टवेअर घ्या म्हणून दर पाच मिनिटांनी असं गळ्यात पडायचं की भीक नको पण कुत्रं आवर. दुसरं फक्त महिनाभर फुकट. तपासनीस म्हणाले, ब्रेक काय महिनाभरच लावायचा? तिसरं इतकं गरीब होतं की त्याला बटणंच नव्हती, सगळे हुकूम टाइप करून द्यायचे. चौथ्यात ‘प्रत घ्या’ आणि ‘प्रत उतरवा’ ही बटणं एकमेकांना खेटून बसवलेली. त्याबद्दल त्यांनी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. पाचवं त्यांना आवडलं, पण आवडलं म्हणूनच त्यांना त्याचा संशय आला.

या काळात बाईंनी एकदा विचारलं, तोवर मी माझी फाईल पेन ड्राइव्हवर टाकून ठेवू का? तपासनीस दुखावले. इकडे पक्की व्यवस्था उभी राहतेय आणि तिकडे ही ठिगळं लावत बसणार! अर्धवट उपायांनीच अपघात होतात, असं त्यांनी सोदाहरण पटवून दिलं. बाईंनी त्यांच्या अनुभवाला मान दिला. संसारात असा मान फार विचार करून द्यावा.

शेवटी पाचवंच निवडलं. बाहेरची डिस्क आणली, केबल जोडली, बाईंना दुपारभर लिखाणातून उठवलं आणि प्रत घेतली. ‘प्रत तपासली, निर्दोष आहे’ असं सॉफ्टवेअरने स्वतःच जाहीर केलं. तपासनीस त्यावर नुसते हसले. स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टकं म्हणण्यातला प्रकार हा!

त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून बाईंची लेखणी अशी सुटली की विचारू नका. इतके दिवस शेवटाशी घोडं अडलं होतं. डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो आणि पुढे काय बोलतो ते बाईंना सुचत नव्हतं. ते आता सुचलं. सलग बरेच दिवस त्या सकाळी बसत, जेवायला उठत आणि पुन्हा बसत. एके दिवशी त्यांनी ‘समाप्त’ लिहिलं, खुर्चीतच हात वर करून आळस दिला आणि म्हणाल्या की उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येते, आल्यावर एकदा वाचते आणि पाठवून देते.

दुसऱ्या दिवशी बाई डॉक्टरकडे गेल्या. घरात तपासनीस, कंप्यूटर आणि न तपासलेली प्रत. आज पुस्तक जायचं, म्हणजे कंप्यूटर आजच दगा देणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. प्रत आहे, पण ती उतरते का? लेकीने फोनवर बजावलं होतं की तपासायचंच असेल तर वेगळी रिकामी डिस्क आणून तिच्यावर उतरवा. तपासनिसांना ते पटलं नव्हतं. शेजारच्या इमारतीतली लिफ्ट तपासून आपल्या लिफ्टवर कधी कुणी सही करतं का? दोर तुटल्यावर काय होतं हे बघायचं तर आपलाच दोर सोडायला हवा.

पडद्यावर इशारा आला, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. तपासनिसांनी तो पूर्ण वाचला. पुसलं जाणारच, त्याशिवाय परत येतं की नाही ते कळणार कसं? त्यांनी चष्मा नीट केला आणि बटण दाबलं.

पट्टी हळूहळू भरत गेली. कंप्यूटर बंद झाला, चालू झाला आणि सगळं जागच्या जागी आलं. तेच चित्र, त्याच फायली, बाईंची कादंबरीसुद्धा. तपासनिसांचा ऊर भरून आला. इतकी चोख चाचणी नोकरीतही क्वचितच झाली होती.

बाई परत आल्या त्या काळा चष्मा लावून. डॉक्टरने डोळ्यांत थेंब घातले होते, दिवसभर जवळचं काही दिसणार नव्हतं. तपासनिसांनी त्यांना दारातच बातमी दिली, की सगळं पुसलं आणि सगळं परत आणलं. बाईंना त्यातलं फारसं कळलं नाही. त्या म्हणाल्या, छान केलंत, आता शेवटचं पान तुम्हीच वाचून दाखवा, मला ऐकायचंय.

तपासनिसांनी फाईल उघडली आणि मोठ्या आवाजात वाचायला घेतलं. दिवाणखान्यात सगळे जमले आहेत. डॉक्टर खिडकीपाशी, भाची सोफ्यावर, आणि लोकांची घड्याळं न सांगता दुरुस्त करणारा म्हातारा घड्याळजी कोपऱ्यात. डिटेक्टिव्ह मधोमध उभा राहतो आणि घसा खाकरतो.

तपासनीस पुढचं पान उघडायला गेले, तर पुढे पान नव्हतं.

“वाचा ना,” बाई म्हणाल्या.

आणि तेव्हा कुठे तपासनिसांच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत होती ती घेतली त्या दिवसाची. जुन्या फोटोत नंतर जन्मलेलं मूल कुठून दिसणार? लिफ्ट कधीही खाली सोडा, ती लिफ्टच राहते. कंप्यूटरचं तसं नसतं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती कशी, हे त्यांना त्या दिवशी कळलं. डिटेक्टिव्हसारखा त्यांनीही घसा खाकरला आणि सगळं सांगून टाकलं.

बाई उठून आत गेल्या. काळ्या चष्म्यामुळे त्या रडताहेत का ते कळेना, आणि विचारायची तपासनिसांची छाती होईना. त्यांनी लेकीला फोन केला, कोपऱ्यावरच्या कंप्यूटर दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं. दोघांनी एकच सांगितलं, नुसतं पुसलं असतं तर काही मिळालं असतं, पण तुम्ही त्याच जागेवर जुनं लिहिलंत, आता विसरा. लेकीने वर विचारलं, “बाबा, आईने इतके दिवस खपून लिहिलेलं होतं ना ते?” तपासनिसांनी फोन ठेवला. एखादी लिफ्ट आपल्याच अंगावर पडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

संध्याकाळी बाई आतून आल्या आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

“महिनाअखेर अजून आली नाही. मला दिसत नाही. मी सांगते, तुम्ही टाइप करा.”

तपासनीस दोन बोटांनी टाइप करायला लागले. डिटेक्टिव्ह बोलू लागला. हा निर्दोष, ती निर्दोष, करत करत तो कोपऱ्यातल्या घड्याळजीपाशी येऊन थांबला. तपासनिसांची बोटंही थांबली. सगळ्या पुस्तकात त्यांना एक तोच माणूस आवडला होता. तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, उलट सगळ्यांच्या भल्यासाठी झिजणारा. ते म्हणाले, “अगं, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार झाला. त्याला मालकिणीला मारायचं कारणच काय?”

“काही नाही. मालकीणबाईंवर त्याचा फार जीव होता.” बाईंनी सावकाश पुढचं वाक्य सांगितलं. “लिहा. जिन्याचा कठडा भक्कम आहे की नाही, एवढंच त्याला तपासून पाहायचं होतं.”

तपासनिसांनी लिहिलं. एकेक अक्षर शोधून लिहिलं, पूर्णविराम दिला आणि सवयीने ते वाक्य तपासून पाहिलं. त्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती.

“आणि पहिल्यांदा खुनी कोण होता?” त्यांनी हळूच विचारलं.

“तो सुटला,” बाई म्हणाल्या. “तुमच्यामुळे.” आणि त्या पुढचं वाक्य सांगू लागल्या.