उष्टं पाणी

"निशिकांतराव, हलू नका. बोट डुलते," प्रकाश मागे न बघताच म्हणाला.

मी हललो नव्हतो. पण बोट त्याची, त्यामुळे डुलण्याचा दोष माझा.

तो बोटीच्या टोकावर उंच खुर्चीत बसला होता. समोर पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या दोन स्क्रीन. उजव्या पायाखाली पेडल. ते दाबलं की टोकाची इलेक्ट्रिक मोटर आवाज न करता बोट हवी तिकडे वळवायची. ही बोट त्याने चार महिन्यांपूर्वी घेतली आणि व्हिडिओ कॉल करून झाडून सगळ्या नातेवाइकांना दाखवली, अगदी सांगलीच्या मावशींनासुद्धा. मी मागच्या सीटवर, माझा एकुलता एक रॉड मांडीवर घेऊन.

प्रकाश माझा साडू. माझी बायको वीणा थोरली, त्याची अरुणा धाकटी. नात्याने मोठा मी, बाकी सगळ्यात तो. आठ वर्षांपूर्वी पुण्याहून सिंगापूरला आलो तो त्याने सोडलेल्या नोकरीवर. त्याने स्वतःचा कॉंडो घेतला तेव्हा बुकित पंजांग भागातला त्याचा भाड्याचा फ्लॅट आमच्याकडे आला, सोफ्यासकट आणि राइस कुकरसकट. दर दिवाळीला पाहुण्यांसमोर तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि सांगतो, "यांना इथे मी सेटल केलं." वीणा हसते. मी मूग गिळून बसतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहतो.

मासेमारी मात्र त्याने दिलेली नव्हती. तीन वर्षं दर शनिवारी जलाशयाच्या काठावर उभा राहून, चिखलात बूट रुतवून ती मी शिकलो होतो. उलट माझा माशासोबतचा एक फोटो बघून त्याने थेट बोटच घेतली. असा माणूस आहे तो.

नवशिक्यांची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा मी घरात कुणाला न सांगता नाव दिलं. बारा बोटी. बोटवाला पुढे बसणार, बिनबोटीचा मागे, जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरणार. चिठ्ठी निघाली ती साडूचीच! वीणा हसत सुटली. "बरं झालं, एकाच गाडीतून जाऊ," म्हणाली.

मला बक्षीस नको होतं. धक्क्यावर पांढरा बोर्ड लावला होता, त्यावर बारा जोड्यांची नावं होती. माझ्या नावापुढे एक आकडा यावा, एवढीच इच्छा. या देशात मी स्वतः मिळवलेली एक तरी गोष्ट चारचौघांना दिसावी.

पण बोटीत पुढचा माणूस आधी आमिष टाकतो. किनारा, बुंधे, शेवाळ, सगळीकडे पहिला हात त्याचा. मागच्याला मिळतं ते उष्टं पाणी. भला माणूस असला तर बोट जरा तिरपी धरतो, म्हणजे मागच्यालाही थोडा किनारा मिळतो. प्रकाशने ती अशी धरली होती की माझ्यासमोर नुसतं मोकळं, खोल पाणी.

"जरा तिरकी घ्या ना," मी म्हटलं.

"वारा आहे, निशिकांतराव. तुम्हाला नाही कळायचं ते."

काठावरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं.

दहा वाजेपर्यंत त्याला तीन मासे लागले. वजनाला तीनच धरणार होते, तेही जिवंत. बोटीच्या मध्यावर पंपाने हवा सोडलेली टाकी होती. त्याचे मासे लाल क्लिप लावून तिच्यात गेले. माझ्या हिरव्या क्लिपा पाकिटातच. प्रत्येक मासा त्याने मागे वळून मला दाखवला. "मनगट बघा. मनगटात असतं सगळं." ते मनगट पिरगाळावंसं वाटत होतं मला.

अकराच्या सुमाराला पाण्यात आडवं पडलेलं एक झाड लागलं. त्याने तिथे चार वेळा आमिष टाकलं, नजर स्क्रीनवर. "काही नाही इथे. स्क्रीन कोरी आहे," म्हणून पेडल दाबलं. बोट पुढे सरकली आणि झाड माझ्या समोर आलं. मी आमिष फांद्यांच्या सावलीत सोडलं आणि बुडू दिलं. आठपर्यंत मोजलं. नवाला रॉड वाकला.

"मोटर थांबवा!"

"बारका असेल. ओढा."

"प्रकाशराव, जाळी द्या!"

जाळी त्याच्या पायाशी होती. तो जागचा हलला नाही. मी बोटीच्या कडेवर पालथा पडलो आणि माशाच्या जबड्यात अंगठा घालून त्याला वर घेतला. अंगठा सोलवटून निघाला. पिवळाधमक पीकॉक बास, शेपटीवर काळा डोळा, त्याच्या तिन्हींपेक्षा मोठा! मी मोठ्याने हसलो. किती दिवसांनी हसलो होतो कोण जाणे.

प्रकाशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "लागतात कधीकधी," एवढंच बोलला. मी हिरवी क्लिप लावून मासा टाकीत सोडला.

एक वाजता धक्क्याला लागलो. "तुम्ही दोरी बांधा, मी मासे घेऊन पुढे होतो," म्हणत त्याने टाकीतले सगळे मासे पाण्याच्या पिशवीत घेतले आणि ती उचलली. मी दोरी बांधली. नीट बांधली, मूर्खासारखी. वर पोचलो तेव्हा बोर्डावर आकडे पडले होते. प्रकाश, तीन मासे, त्यातला सर्वांत मोठा दोन किलो शंभर. दुसरा क्रमांक. माझ्या नावापुढे शून्य. वजनाच्या टबात माझा मासा पोहत होता, त्याच्या ओठाला लाल क्लिप. प्रकाशच्या तिघांतला सगळ्यात बारका कुठेच दिसत नव्हता.

"तो माझा आहे," मी म्हटलं.

"तुमचा सुटला ना पिशवीतून, उतरताना," प्रकाश शांतपणे म्हणाला. "वाईट वाटलं मला."

टेबलाशी मिस टॅन नावाची बाई बसली होती. तिने प्रकाशचं वजनाचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि सिंगापुरी वळणाच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, साइन हिअर. पार्टनर मस्ट साइन. नो साइन, बोथ आउट, ओके?"

"दॅट बिग फिश इज माइन."

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "यू गॉट प्रूफ?"

"नो."

"देन यू साइन ऑर डोन्ट साइन लोर. आय कान्ट हेल्प."

माझं शून्याचं कार्डही तिथेच होतं. त्यावर प्रकाशची सही आधीच झालेली होती, वळणदार.

"निशिकांतराव, घरातली गोष्ट आहे," तो कानाशी येऊन म्हणाला. "तुमच्यासाठी काय कमी केलं मी? एका माशासाठी तमाशा करणार?"

"एका माशासाठी तुम्ही चोरी केलीत."

वीणा आणि अरुणा धक्क्यावरच थांबल्या होत्या. अरुणा बोर्डाचा फोटो काढत होती, तिचा हात खाली आला. वीणा माझ्याजवळ आली. "सही कर रे. घरी जाऊन बोलू."

ऑफिसात आठ वर्षं मी दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर तपासतो आणि खाली सही करतो. न बघितलेल्या गोष्टीवर कधी सही केली नाही. आणि हे तर मी डोळ्यांनी बघितलं होतं. सही केली नाही तर माझा मासा कुणाच्याच नावावर राहणार नव्हता, तेही कळत होतं. मी पेन खाली ठेवलं.

"इथे माझी एकच बहीण आहे, निशिकांत," वीणा म्हणाली.

"माहीत आहे."

मिस टॅन उठली आणि मार्करने बोर्डावर आधी प्रकाशच्या नावावर रेघ मारली, मग माझ्या. प्रकाश मला काय काय म्हणाला ते लिहीत नाही. त्यात नोकरी होती, फ्लॅट होता, सोफाही होता. वीणा त्यांच्यासोबत गाडीत बसली. मी तिला थांब म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

स्पर्धा संपल्यावर ज्याने त्याने आपापला मासा पाण्यात सोडायचा असतो. एकेक जण आला, फोटो काढून, मासा सोडून गेला. प्रकाशचे दोन मिस टॅननेच सोडले. शेवटी टबात एकच उरला, माझा. मी रॉड उचलून निघालो होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

"अंकल!" मिस टॅन टबाशी उभी होती. "युअर फिश. यू पुट बॅक."

मी परत फिरलो. धक्क्यावर गुडघे टेकले, मासा दोन्ही हातांत घेऊन पाण्यात धरला. तो दमला होता, मीही दमलो होतो. सोलवटलेला अंगठा पाण्यात चुरचुरत होता. बऱ्याच वेळाने त्याची शेपटी हलली आणि तो गेला. मिस टॅन टब उपडा करून बाजूला गेली. बसस्टॉप कुठे आहे ते मी तिला विचारलं.